शंका असेल तर

छेडा मेडिकलचं शटर अर्धं ओढून
रात्री साडेदहाला शाल्मली फॉर्म भरत बसली आहे.
घरचा लॅपटॉप जूनमध्येच गेला,
म्हणून हा बिलिंगचा कॉम्प्युटर.
कफ सिरप सांडल्यापासून
याचं एंटर दोनदा दाबावं लागतं.

एका खिडकीत
आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स,
नेरळच्या पुढे डोंगर फोडून बांधलेलं कॉलेज,
वर्षाला एक लाख बासष्ट हजार, बस वेगळी.
दुसऱ्या खिडकीत माटुंगा,
बी.एस्सी. संख्याशास्त्र.
फी इतकी कमी
की मला ती छपाईची चूक वाटली.

मुदत दोन्हीची उद्याच.

पुण्याचा निनाद फोनवर म्हणाला,
डिग्रीच्या नावातच एआय पाहिजे,
कंपन्या आधी नाव वाचतात.
पाध्ये मॅडम म्हणाल्या, नावं बदलत राहतात गं,
खालचं गणित तेच असतं.
छेडाशेठ म्हणाले, फार्मसी कर, दुकान तुझंच.

मला कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी काय सांगणार होतो?
बारावी नापास, सव्वीस वर्षं या फळीमागे.
मला एकच गोष्ट येते:
डॉक्टरांचं अक्षर.

भटवाडीतल्या अकरा डॉक्टरांचं.
कुलाबकरांचा एम म्हणजे आडवी पडलेली सुई.
सय्यद डॉक्टरांचं शेवटचं अक्षर
कागदाबाहेर पळून जातं.
मिस्किटा मॅडम चिडलेल्या असल्या
की त्यांचा पूर्णविराम पलीकडून दिसतो.

शाल्मली हसली.
"बाबा, मशीनला असंच शिकवतात.
हजारो चिठ्ठ्या दाखवायच्या,
बरोबर उत्तर सांगायचं,
चुकलं की थोडं थोडं दुरुस्त करायचं."
मला कुणी बरोबर उत्तर सांगितलं नव्हतं.
"मग शिकलात कसे?"
गिऱ्हाईक परत यायचं, मी म्हटलं.

मग तिला ती चिठ्ठी सांगितली,
तिच्या जन्माच्या वर्षातली.
दोन गोळ्या, एका अक्षराचा फरक,
एक साखरेची, एक झोपेची.
पाकीट फाडून झालं होतं, पैसेही घेतले होते,
आणि बाई पायरी उतरताना
पोटात काहीतरी हललं.
धावत गेलो, गोळ्या परत घेतल्या,
डॉक्टरांना झोपेतून उठवलं.
शिव्या खाल्ल्या.
दुसरीच गोळी होती.

"तुम्हाला खात्री किती टक्के होती, बाबा?"
टक्के?
पोटात टक्के नसतात गं.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"मशीन उत्तर देतंच," म्हणाली,
"माहीत नसलं तरी. तेवढ्याच ठाम आवाजात."
मग त्याला फोन करायला कोण शिकवतं?
ती काही बोलली नाही.
वरच्या फळीवरचा फ्रीज घुरघुरत होता,
इन्सुलिन थंड ठेवत.

मी हिशोब मिटवला. बारा वाजता म्हटलं, चल.
"तुम्ही जा, शटर मी ओढते."

आज सकाळी आलो तर
स्टेपलरखाली चिठ्ठी, तिच्या अक्षरात.
या घरात मला वाचता न येणारं
हे एकच अक्षर.
*बाबा, मी* – मग एक शब्द – *घेते आहे.
पैसे पुरतील. शेठना आत्ताच सांगू नका.*

तो शब्द मी उजेडात धरला, चष्मा पुसला.
सुरुवातीला स असावा,
त्यावर टिंब, की पेनाचा डाग?
'संख्या' असेल.
मी म्हणेन नव्वद टक्के.
दहा उरतात.

फोन लावला आहे.
रिंग जाते आहे.
समोर एक पोरगा पंधरा रुपये मुठीत घट्ट धरून
आईसाठी डोकेदुखीची गोळी मागतो आहे.
थांब रे बाळा,
एक मिनिट थांब.